ड्राय-एज्ड स्टेक, आणि त्याच हिशेबानं उस्मानाबादी बोकडाची अख्खी मांडी

प्रश्न लातूरच्या एका भाऊंचा आहे. मेव्हण्याकडे दुबईला गेले असताना त्यांनी हाडासकट किलोभराचं ड्राय-एज्ड स्टेक, म्हणजे थंड खोलीत आठवडेच्या आठवडे कोरडं मुरवलेल्या गोमांसाचा जाड तुकडा, खाल्लं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. घरच्या फ्रिजमध्ये महिनाभर मांस ठेवून तसं होतं का? डिसेंबरात पुन्हा दुबईला जातोय, तिथं स्वतः करायचं तर काय बघून घेऊ? आणि लातूरला आठ माणसांना बोलावून असाच एखादा मोठा तुकडा करायचा तर कशाचा आणि कसा? मी आखातातल्या हॉटेलांत ग्रिलवर बरीच वर्षं काढली, आता धाराशिव-तुळजापूर भागात कंदुरीची (नवसाच्या बोकडाची) आणि लग्नाची जेवणं करतो. दोन्ही बाजूंनी सांगतो.

पहिल्याचं उत्तर, नाही. कारणं दोन. आपल्या राज्यात गायीची कत्तल 1976 च्या कायद्यापासून बंद आहे आणि 2015 च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे ज्या जनावराचं ते स्टेक असतं, ते इथं मिळायचा प्रश्नच नाही. म्हशीचं चालतं, पण इथं कापायला येतात त्या बहुतेक दूध आटलेल्या, वयस्कर म्हशी. त्यांचं मांस काळपट, जाड तंतूंचं आणि मांसाच्या आत चरबी जवळजवळ नसलेलं. खिमा करा, दालचा करा, उत्तम होतो. स्टेक करू नका.

दुसरं कारण जरा नीट समजून घ्या, कारण मटणाच्या वेळी तेच कामाला येणार आहे. ड्राय-एजिंग म्हणजे मांस नुसतं ठेवून देणं नव्हे. एका वेगळ्या खोलीत तापमान 1 ते 3 अंश, हवेत ओल 75 ते 85 टक्के आणि पंख्याची हवा सतत खेळती, असं तीन ते सहा आठवडे चालतं. आत ठेवतात ते स्टेक नसतं. बरगडीचा अख्खा भाग असतो, हाडासकट आणि वरून चरबीचा जाड थर असलेला. मांसात मुळातच असलेली कॅल्पेनसारखी एन्झाइम हळूहळू तंतू तोडतात, त्यामुळं ते मऊ पडतं. पाणी उडतं, त्यामुळं चव दाटते. मऊपणाचा बराचसा भाग पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मिळून जातो. पुढचे दिवस असतात ते चवीसाठी, त्या अक्रोडासारख्या, थोड्या चीजच्या वळणाच्या वासासाठी. बाहेरची बाजू वाळून काळी, कातड्यासारखी कडक होते. ती कापून फेकतात. पाणी आणि ही काप धरून वजनाचा पाचवा हिस्सा सहज जातो, कधी तिसराही. म्हणून ते महाग.

आता घरचा फ्रिज बघा. दिवसातून वीस वेळा उघडतो, आत कोथिंबीर, दही, कालचं वरण. पंखा मांसावर येत नाही. आणि आपल्याकडची वीज कधी जाईल, किती वेळ जाईल, याचा भरवसा नाही. तिथं एकच स्टेक महिनाभर ठेवलं तर वाळलेला भाग काढल्यावर हातात काही उरत नाही, आणि मधे दोनदा चार-चार तास लाईट गेली तर जे उरेल ते खायच्या लायकीचं नसेल.

दुबईचं सोपं आहे. तिथं करून ठेवलेलंच मिळतं, तुम्हाला फक्त निवडता आलं पाहिजे. किती दिवसांचं आहे ते आधी विचारा. पहिल्यांदा स्वतः करताय तर 28 ते 35 दिवसांचं घ्या. साठ-नव्वद दिवसांची हौस नंतर करा. तो वास सगळ्यांना सोसत नाही, घरातली निम्मी माणसं ताट सरकवतील. प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत ओलं मुरवलेलं मांसही ‘एज्ड’ म्हणून विकतात. ते वाईट नाही, पण त्याला ड्राय-एज्डचे पैसे देऊ नका. पिशवीत लालसर पाणी साचलेलं दिसलं की समजायचं. कोरडं मुरवलेलं मांस हाताला कोरडं लागतं, रंग गडद, जवळजवळ जांभळट असतो. वास सुक्यामेव्याकडे झुकलेला हवा. आंबट किंवा नाकात चढणारा वास आला तर परत ठेवा.

तुकडा बरगडीचा, हाडासकट, निदान साडेचार-पाच सेंटिमीटर जाड. यात तडजोड नाही. पातळ स्टेकला बाहेरून रंग येईपर्यंत आतून ते शिजून गेलेलं असतं. मांसाच्या आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा बघा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मांसावर 0 ते 9 असा मार्बलिंगचा आकडा असतो, तीन-चार पुष्कळ झालं. हातभर लांब हाडाचं टॉमाहॉक घेऊ नका, असं माझं मत. हाडाचे पैसे जातात, तव्यावर ते मावत नाही आणि चवीत तसूभर फरक पडत नाही. फोटोला मात्र छान दिसतं, त्यासाठीच घ्यायचं असेल तर घ्या.

आदल्या दिवशी सगळ्या बाजूंनी मीठ लावा, जाळीवर ठेवून उघडंच फ्रिजमध्ये ठेवा. मसाला, आलं-लसूण काही नको. ओव्हन 110 ते 120 अंशांवर ठेवून जाळीवरच ते आत घाला, आणि मध्यभागाचं तापमान 46-48 अंश झालं की बाहेर काढा. एवढ्या जाडीला पाऊण तासाच्या आसपास लागतं, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. मुरलेल्या मांसात पाणी कमी असल्यानं ते जरा लवकरच होतं. दहा मिनिटं बाजूला ठेवून मग बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट, चरबीची कड उभी धरून तिलाही. शेवटी लोणी, ठेचलेला लसूण. आत 52 ते 54 अंश म्हणजे मधे गुलाबी आणि रसाळ. ताटात लालसर पाणी येतं ते रक्त नसतं, स्नायूतलं मायोग्लोबिन आणि पाणी असतं, त्याला घाबरू नका. तरी कुणाला नकोच असेल तर 58-60 पर्यंत न्या. त्याच्या वर नेऊन पूर्ण भाजायचं असेल तर साधं मांस आणा, ड्राय-एज्डचे पैसे पाण्यात.

आता लातूर. इथं मला खरं बोलायचंय, कारण तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जे मिळतं ते दुबईच्या शेफला मागूनही मिळणार नाही. उस्मानाबादी शेळी. लातूर, उदगीर, तुळजापूर हाच तिचा मूळ मुलूख. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला, पुढं उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जातीचं नाव तेच राहिलं. बहुतेक काळीभोर, कान लोंबते. बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, कापणीनंतर रानात उरलेलं खाऊन वाढते. मटण घट्ट, बारीक तंतूंचं. अशा बोकडाची मागची अख्खी मांडी, खाटकाच्या भाषेत रान, हेच तुमचं मोठं स्टेक.

पण स्टेकची रीत तिला जशीच्या तशी लावायला जाल तर फसाल. शेळीची चरबी पोटात, गुर्द्याभोवती साठते. कातड्याखाली आणि मांसाच्या आत फार थोडी असते. वरून चरबीचं पांघरूण नाही म्हणून तीन आठवडे वाळवायची सोय नाही. आत चरबी नाही म्हणून 54 अंशांवर गुलाबी ठेवली तर दातांना रबर लागेल. मांडी दिवसभर चालणारा स्नायू, त्यात जोडणारे पांढरे धागे भरपूर. ते सत्तर अंशांच्या वर, आणि तेही वेळ दिला तरच विरघळून चिकट रस होतात. म्हणून इथं आतलं तापमान 90 च्या पुढं न्यायचं. गुलाबी खायचीच हौस असेल तर चार-पाच महिन्यांच्या करडाची मांडी घ्या आणि 63 वर थांबा. पण तसं करडू कापायला कुणी सहज देत नाही आणि मलाही ते पटत नाही.

स्टेककडून घ्यायच्या त्या तीन गोष्टी: मोठा, हाडासकट तुकडा, कापल्यानंतरची विश्रांती, आणि कोरडं पडलेलं बाहेरचं अंग. यातली मधली आपल्याकडं कुणीच पाळत नाही. सकाळी सातला कापलेलं मटण नऊला घरी आणि अकराला कुकरमध्ये. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, आणि पुन्हा सैल पडायला दिवस तरी जातो. आपण नेमकं आखडलेलं असतानाच शिजवतो आणि मग म्हणतो, बोकड जून निघालं. कुकरच्या शिट्ट्यांनी ते झाकलं जातं, अख्ख्या मांडीत झाकलं जात नाही. कंदुरीला मात्र चालतं, कारण तिथं कापल्याबरोबर देग चढते. स्नायू आखडायच्या आत तुकडे उकळत्या पाण्यात गेलेले असतात, वर दोन-तीन तास लाकडाची आच.

उलटी चूकही होते. ताजं, अजून कोमट मटण घरी आणून थेट फ्रीझरमध्ये. आखडण्याआधीच मटण दहा अंशांच्या खाली गार झालं की तंतू आक्रसून बसतात, आणि गोठवलेलं वितळताना आणखी आखडून पाणी सोडतं. मग कच्ची पपई लावा नाही तर काही करा. तेव्हा मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की पहाटे कापलेल्या बोकडाची मांडी टांगून ठेव, मी दहाच्या सुमाराला नेतो. हे थंडीच्या दिवसांत. एप्रिल-मे मध्ये असला खटाटोप करूच नका, उन्हाळ्यात मटण उघड्यावर टांगणं म्हणजे माशांना आमंत्रण.

दुकानात काय बघायचं? बोकड खच्ची केलेला असावा, वर्षभराच्या आसपासचा, जिवंत वजन वीस-पंचवीस किलो. न खच्ची केलेला मोठा बोकड उग्र वास मारतो, अख्ख्या मांडीत तो वास लपवायला जागा नसते. बोकडच आहे याची खूण म्हणून पुष्कळ दुकानदार टांगलेल्या धडाला वृषण तसेच ठेवतात. पण खच्चीला ते सुकलेले असतात किंवा नसतातच, म्हणून ओळखीच्या माणसाकडून घेणं बरं. मांडीचा रंग गुलाबीसर लाल हवा, करडा नको, फार गडदही नको. बोटानं दाबलं की खळगा भरून आला पाहिजे. गुडघ्याच्या सांध्याजवळचं हाड चिरलेलं दिसलं तर आतून लालसर आणि सच्छिद्र हवं, पांढरं आणि टणक म्हणजे वय झालेलं. चरबी पांढरी, पिवळट, वास येणारी नको.

अशा बोकडाचं सगळं मटण दहा-अकरा किलो भरतं आणि एक मांडी दीड किलोच्या आसपास. आठ माणसं म्हटल्यावर एकाच बोकडाच्या दोन्ही मांड्या घ्या. एका मांडीतून हाड आणि शिजताना जाणारं वजा केलं की जेमतेम पाऊण किलो ताटात पडतं, म्हणजे चौघांचं काम. वेगवेगळ्या बोकडांच्या घेतल्या तर एक आधी होईल, एक मागं राहील. कुल्ह्याचं हाड काढून टाकायला सांगा, पण नळी तोडू देऊ नका. तिथं सुरा घालायची त्यांच्या हाताला सवय असते, म्हणून समोर उभं राहा. मांडीच्या मागच्या चरबीत बोराएवढी करडी गाठ असते, तीही काढून घ्या. नाही तर तेवढ्या जागी कडवट, विचित्र घास लागतो. आणि पोटातल्या चरबीची जाळी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती फेकतात किंवा फुकट देतात. का, ते पुढं सांगतो.

घरी आल्यावर मांडी धुऊ नका, कपड्यानं टिपून घ्या. वरची पांढरी झिल्ली सुरीनं ओढून काढा. दीड किलोला तीन-साडेतीन चहाचे चमचे मीठ, सगळीकडून, हाडाच्या खोबणीतसुद्धा. मग फ्रिजच्या खालच्या खणात, पसरट ताटात जाळी ठेवून तिच्यावर, उघडी. ताट हवंच, कच्च्या मटणाचं पाणी खालच्या भाजीवर ठिबकायला नको. पूर्ण दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशी करा. त्यापुढं ताणू नका. फ्रिजमध्ये एक छोटा थर्मामीटर टाका. चार अंशांच्या खाली आहे ना बघा, बाहेरच्या खटक्यावरच्या आकड्यांना अर्थ नसतो. मोकळ्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर लाईट गेल्यावर गारवा टिकतो. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेली आणि आतला आकडा चढलाच, तर मुरवायचा विचार सोडून लगेच शिजवायला घ्या. मांडीवर चिकट थर किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या, तिथं मसाल्याचा उपयोग नाही.

दोन दिवसांनी बघाल तर वरचं अंग कोरडं, गडद आणि किंचित चकचकीत झालेलं असेल. मीठ आत उतरलेलं असतं. मसाले मात्र आत जात नाहीत, कितीही भोकं पाडा, वरच राहतात. त्यामुळं आदल्या रात्री दही-मसाल्यात बुडवून ठेवायचं मी सोडून दिलंय. सगळा कोरडेपणा वाया जातो. कच्च्या पपईचंही तेच. मुरलेल्या मांडीला ती लागत नाही, आणि जास्त झाली की वरचा थर पिठासारखा होतो, आत काहीच पोहोचत नाही.

शिजवायच्या वेळी मांडीला बोटभर तेल आणि आलं-लसणाचं वाटण घासा, आणि वरून ती चरबीची जाळी गुंडाळा. शेळीच्या अंगावर जी चरबी नाही, ती आपण अशी पांघरायची. तासाभरात ती वितळून मांसावरून झिरपत राहते. ओव्हन किंवा ओटीजी 150 अंशांवर. खोल ट्रेत कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर मांडी, अर्धी वाटी पाणी आणि वरून फॉइल घट्ट. अडीच ते तीन तास. दोन मांड्या एकाच ओटीजीत दाटीनं कोंबल्या तर अर्धा तास जास्त धरा. थर्मामीटरची सुई हाडाला टेकू न देता सगळ्यात जाड जागी घाला, 90-92 दाखवलं पाहिजे. सुई नसेल तर नळी धरून हळूच पिरगाळा, ती आपोआप फिरली की झालं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, झाकणाला कणकेची कड, खाली गोवऱ्यांची मंद धग आणि झाकणावर चार-पाच निखारे. लाकूड बाभळीचं. तुराट्या पेटवायला चांगल्या, पण त्यांची धग टिकत नाही. पऱ्हाट्या वापरू नका. कापसावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात आणि आपण त्याच धुरात मटण धरणार. कुकरमध्ये अख्खी मांडी मावत नाही, आणि मावली तरी चव पाण्यात उतरते. मग रस्साच करा की, वाईट काय आहे.

येसर (भाजलेलं धान्य आणि मसाले दळून केलेलं पीठ) आणि काळं तिखट या टप्प्यानंतर. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा वाटून त्यात येसर, तिखट आणि ट्रेतलाच थोडा रस घालून दाटसर लेप करा. जाळीचं उरलंसुरलं काढून मांडीला हा लेप फासा आणि फॉइलशिवाय 220 अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. किंवा बाभळीच्या फुललेल्या निखाऱ्यांवर लोखंडी जाळी टाकून, उलटत-पालटत, कडा करपायला लागेपर्यंत. हे आधीच केलं असतं तर तीन तासांत मसाला जळून कडू झाला असता. तव्यावरच्या स्टेकला मिरपूड शेवटी घालतात ती याच कारणानं.

मग पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाहुण्यांना बोटं चाटू द्या. तोवर ट्रेतल्या रसावरची चरबी चमच्यानं काढून घ्या, उरलेल्यात कांदा दाबून, थोडं गरम पाणी घालून उकळा. हाच शेरवा. मांडी कापताना तंतू कोणत्या दिशेनं गेलेत ते बघून त्यांना आडवं कापा. नळीच्या बाजूला दिशा बदलते, तिथं सुरी फिरवावी लागते. ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा, लिंबू. भात कुणी मागितला तर द्या, पण शेरवा भाकरीसाठीच पुरणार आहे हे आधी सांगा. आणि दोन्ही नळ्या लपवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पायासारख्या चार तास उकळल्या की सकाळचा रस्सा होतो.